काठी किती बुडाली?

हिम वरून पडतंय की खालून उडतंय, हे अंटार्क्टिकात नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. वारा सुटला की आधी घोट्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग डोक्याच्याही वर पांढरी धूळ आडवी वाहू लागते. मान वर करावी तर स्वच्छ निळं आकाश, आणि समोर दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा. अशा जागी पर्जन्यमापक काय करणार? बरंचसं हिम त्याच्या तोंडावरून सरळ पुढे निघून जातं. आणि जे आत पडतं, ते आज पडलेलं की गेल्या महिन्यात कुठेतरी दक्षिणेला पडून आज वाऱ्यावर इथवर आलेलं, हे कोण सांगणार?

माझी नोकरी पुण्यात, हवामान निरीक्षकाची. पाऊस मोजायची आमची रीत मला फार प्रिय आहे. झाडं-भिंतींपासून लांब, मोकळ्या जागी बसवलेलं २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं. खाली साठवणीची बाटली. सकाळी ८.३० वाजता ते पाणी मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा आणि लगेच वहीत लिहायचा. महाबळेश्वरचे साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त आणि पुण्याचे सातशेच्या आसपास, दोन्ही आकडे याच रीतीने आलेले. पडलेलं पाणी त्या नरसाळ्यात आलं, आणि ते तिथेच राहिलं, या विश्वासावर सगळी इमारत उभी आहे. भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत आमच्या खात्याची माणसं जातात. त्यात माझी निवड झाली आणि मैत्री केंद्रावर पोचल्यावर या विश्वासाखालची जमीनच सरकली. जे पडतं ते राहत नाही, आणि जे राहिलंय ते इथे पडलेलं असेलच असं नाही, अशा मुलखात दीड कोटी चौरस किलोमीटरच्या जवळ जाणाऱ्या खंडाचा पाऊस माणसं मोजतात. आणि मोजायला घेतात काय, तर काठी.

केपटाउनहून आयएल-७६ जातीचं अवाढव्य मालवाहू विमान निघतं आणि सुमारे सहा तासांनी अंटार्क्टिकातल्या नोव्हो नावाच्या धावपट्टीवर टेकतं. धावपट्टी निव्वळ बर्फाची. विमानातून उतरताना मी पाय जपून टाकला, कारण खाली हिमाचा कणही नव्हता. होता तो टणक, चकचकीत, खोलवर निळा बर्फ, आणि त्यात गोठून राहिलेले हवेचे बुडबुडे. ध्रुवाच्या प्रदेशात पहिलं पाऊल ठेवावं आणि तिथे हिमच नसावं!

त्याचं कारण वारा. खंडाच्या पोटात दोन-तीन हजार मीटर उंचीवर हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून किनाऱ्याकडे घरंगळत येते. उतरताना ती दाबली जाते, थोडी तापते, आणि कोरडी ठणठणीत होते. ही तहानलेली हवा वाटेतलं हिम झाडून नेते, आणि उरलेलं पाणी न होताच वाफ होऊन तिच्यात मिसळतं. शाळेत संप्लवन म्हणून कापराच्या वडीवर जे शिकवतात ते इथे शेकडो चौरस किलोमीटरवर रोज चालू असतं. शिरमाखर नावाच्या खडकाळ पट्ट्याच्या दक्षिणेला, जिथे मैत्री आहे त्याच्या पाठीशीच, असा निळा बर्फ पसरलेला आहे. तिथे रोवलेल्या काठ्या वर्षागणिक उंच होत जातात. काठी वाढत नाही, बर्फ झिजतो. जमाखर्चाच्या वहीत हे खर्चाचं पान.

मैत्रीवरून दक्षिणेला, चढावर निघालो तेव्हा जमेचं पान बघायचं होतं. हिमावर चालणाऱ्या दोन पिस्टन बुली गाड्या, मागे सामानाच्या घसरगाड्या, एक स्किडू. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एक ज्येष्ठ सर, वाट दाखवणारा लडाखी गिर्यारोहक, आणि गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात काम करणारी, मडगावची एक तरुण संशोधक. ती पहिल्या दिवसापासून मला काका म्हणायची. भेगांचा धोका असल्यामुळे गाड्या आधीच्या मोहिमांनी जीपीएसवर नोंदवलेल्या वाटेवरूनच जात होत्या. वाटाड्या सांगेल तिथेच थांबायचं, सांगेल तिथेच उतरायचं. निळ्या बर्फावर आधी पांढरे ठिपके आले, मग पट्टे, आणि एका चढानंतर सगळंच पांढरं झालं. दुपारचा सूर्य उत्तरेला. आयुष्यभर दक्षिणेकडे कलणारा सूर्य पाहिलेल्या डोळ्यांना ते दर वेळी नवं वाटायचं.

पांढरं म्हणजे सपाट नव्हे. वाऱ्याने हिम कोरून काढलेल्या कठीण, धारदार लाटा असतात, त्यांना सास्त्रुगी म्हणतात. काही गुडघ्याएवढ्या, काही त्याहून उंच. गाडी त्यांच्यावरून जाते तेव्हा हाडं खिळखिळी होतात. हिमाच्या मोजणीतली पहिली अडचणही यांच्यामुळेच. एकच काठी रोवली आणि वर्षभराने तिच्या पायाशी नेमकी सास्त्रुगी येऊन बसली, तर आकडा वाढलेला दिसेल. चार पावलं बाजूला खळगा असेल तर कमी दिसेल. म्हणून काठ्या एकेकट्या नसतात. कुठे ओळीत, कुठे चौकोनात, ठरावीक अंतरावर बऱ्याच काठ्या रोवायच्या आणि सगळ्यांची सरासरी घ्यायची. कमी काठ्यांचा आकडा दिसायला आकडाच असतो, पण त्याच्यात वाऱ्याचा लहरीपणा किती आणि आकाशाची देणगी किती, ते वेगळं करता येत नाही.

पहिली काठी दिसली आणि मी थांबलोच. बांबू! जिथे मुंगी नाही, गवताचं पातं नाही, तिथे उन्हाने पिवळा पडलेला, पेरांचा बांबू, वर फाटक्या लाल कापडाची चिंधी. काही ठिकाणी अॅल्युमिनियमच्या नळ्याही होत्या. पण धातू उन्हात तापतो, आजूबाजूचं हिम वितळवतो आणि खड्डा पाडून घेतो. बांबू हलका, उष्णता खाली फारशी नेत नाही, वाऱ्यात वाकतो आणि पुन्हा उभा राहतो. म्हणून ध्रुवांवर मोजणी करणाऱ्या कितीतरी देशांच्या माणसांनी उष्ण प्रदेशातलं हे रोप जवळ केलं आहे. आपल्या सह्याद्रीच्या उतारावर उगवणारी वस्तू पृथ्वीच्या सगळ्यात थंड खंडाची मोजपट्टी व्हावी, याचं मला मनापासून कौतुक वाटलं, आणि अजूनही वाटतं.

“काका, थेट टेप लावू नका,” ती मुलगी म्हणाली. काठीच्या बुंध्याशी वाऱ्याने एक लहान खळगा कोरलेला होता. तिने हातभर लांबीची सपाट फळी हिमावर अलगद ठेवली, खळग्यावरून आडवी, आणि फळीच्या वरच्या कडेपासून काठीच्या टोकापर्यंत टेप धरला. फळीची जाडी वजा. मी वाचायचं, तिने लिहायचं. मग तिने वाचायचं, मी लिहायचं. दोन्ही जुळले तरच पुढची काठी. लिहायला शिसपेन्सिल, कारण बॉलपेनची शाई गोठते. हातमोजे जाड असले तर पेन्सिल धरता येत नाही, पातळ असले तर दहाव्या काठीपर्यंत बोटांतली संवेदना जाते. डोळा टोकाच्या पातळीला आणून आकडा वाचताना माझी मान आपोआप तशीच वाकली, जशी मोजपात्रापुढे वाकते.

आता, काठी गेल्या वर्षी जेवढी उघडी होती त्यापेक्षा या वर्षी कमी उघडी आहे. फरक म्हणजे साठलेलं हिम, असं कोणीही म्हणेल. पण तो फक्त उंचीचा फरक आहे. ताज्या, वाऱ्याने ठोकलेल्या हिमाची घनता पाण्याच्या साधारण ०.३५ ते ०.४ पट, खाली जावं तसं ते दबत जातं, आणि पुरेसं दबलं की ०.८३ च्या आसपास त्यातली हवेची शेवटची वाट बंद होते. तिथून त्याला बर्फ म्हणायचं. म्हणजे समजा काठी ५० सेंटिमीटर बुडाली आणि हिमाची घनता ०.४ निघाली, तर जमा झालं २०० मिलिमीटर पाणी. घनता ०.३ धरली तर १५० च. एका छोट्याशा दशांशाने पावसाचा पाव हिस्सा उडाला. म्हणून काठीच्या शेजारी खड्डा खणावाच लागतो.

खड्ड्याचा दिवस मी विसरणार नाही. माणूसभर खोल खड्डा, जी भिंत तपासायची ती सावलीत राहील असा. मग सरांनी त्या भिंतीच्या पलीकडे दुसरा खड्डा खणायला लावला, मध्ये वीतभर जाडीचा पडदा सोडून. आमच्या खड्ड्यावर ताडपत्री ओढली. पलीकडच्या खड्ड्यात ऊन उतरलं आणि तो पडदा आतून पेटल्यासारखा उजळला. निळा, वर फिकट, खाली गडद. त्यात आडव्या रेघाच रेघा. कुठे बारीक, घट्ट, दूधट थर. कुठे सैल, रवाळ, जाड दाण्यांचा, ज्यातून उजेड जास्त येतो. मध्येच काचेसारखा चकाकणारा केसाएवढा पापुद्रा. सर हातमोजा काढून बोटाने दाखवत गेले. तो पापुद्रा म्हणजे उन्हाळ्यातला एखादा ऊबदार दिवस, वरचं हिम जरासं ओलावून गोठलेला. रवाळ थर उन्हाळा संपतानाचा: खालचं हिम कोमट, वरचं गारठलेलं, त्यामुळे वाफ वर चढून मोठे दाणे घडतात. घट्ट थर हिवाळ्यातल्या वादळांचे. एक जोडी संपली की एक वर्ष संपलं.

मी वर्षं मोजायला लागलो. चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखी ती एकावर एक बसलेली होती, आणि कोणतीही दोन सारख्या जाडीची नव्हती. पुण्याच्या नोंदवहीत जसं दुष्काळाचं साल आणि अतिवृष्टीचं साल ओळखू येतं, तसं इथे भिंतीत उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. फरक एवढाच की आमच्याकडे पाऊस पडून गेला की फक्त आकडा उरतो. इथे पाऊस स्वतःच उरलेला आहे.

मग काम सुरू झालं. ठरावीक आकारमानाची पोलादी नळी भिंतीत आडवी ठोकायची, दोन्ही तोंडं सुरीने सपाट कापायची, आतलं हिम पिशवीत काढून काट्यावर तोलायचं. मग थोडं खाली, पुन्हा तेच. प्रत्येक नमुन्याबरोबर तापमान. वारा काट्याला हलवतो म्हणून एकजण पाठ करून आडोसा धरतो. वरून खालपर्यंत एका भिंतीचा हिशेब व्हायला अख्खी दुपार लागली आणि कोणालाही घाई नव्हती.

थर नेहमी इतके स्पष्ट नसतात. वारा कधी एखादं अख्खं वर्ष झाडून नेतो, आणि मोजणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तेव्हा पक्क्या खुणा शोधाव्या लागतात. १९५० आणि ६० च्या दशकांत वातावरणात अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, त्यांची किरणोत्सारी धूळ अंटार्क्टिकापर्यंत पोचली आणि त्या-त्या वर्षीच्या हिमात दबून राहिली. १८१५ मध्ये इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला, त्याचं गंधकाम्ल दोन्ही ध्रुवांवरच्या बर्फात सापडतं. या खुणा मिळाल्या की मधल्या हिमाला वर्षांनी भागायचं. यासाठी काढलेले बर्फाचे दंडगोल जहाजाच्या शीतकपाटातून वास्कोला जातात आणि तिथल्या प्रयोगशाळेत उणे २० अंशांत ठेवले जातात. बाहेर गोव्याचा दमट उन्हाळा आणि दाराआड शिरमाखरच्या दक्षिणेचं हिम, हे चित्र त्या मुलीच्या बोलण्यात अगदी सहज यायचं. तिच्यासाठी ते रोजचं ऑफिस होतं.

अंटार्क्टिका म्हणजे हिमाचा धो धो पाऊस, ही कल्पना आकड्यांपुढे टिकत नाही. खंडाच्या आत, रशियाच्या व्होस्टोक केंद्रावर, जिथे १९८३ मध्ये उणे ८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं, वर्षभरात साठणारं हिम वितळवलं तर २० मिलिमीटरच्या आसपास पाणी निघतं. जून महिन्यात पुण्यात एका सरीत यापेक्षा जास्त पडतं. दक्षिण ध्रुवावर ८० मिलिमीटरच्या आतबाहेर. सगळ्या खंडाची सरासरी काढली तरी दीडशेच्या आगेमागेच. हे वाळवंट आहे. पण या वाळवंटात जे पडतं ते फारसं वितळत नाही. म्हणूनच सरासरी दोन किलोमीटर जाडीचा थर चढला. खंडाच्या आत ‘डोम सी’ नावाच्या जागी युरोपीय पथकाने तीन किलोमीटरहून खोल छिद्र पाडलं तेव्हा ८ लाख वर्षांपूर्वीचं हिम हाती आलं. वर्षाला काही बोटं, एवढ्या मिळकतीवर.

आणि त्या मिळकतीची बेरीज छोटी नाही. एका वर्षात अंटार्क्टिकावर जेवढं हिम पडतं, तेवढं पाणी जगातल्या समुद्रांतून उचललं तर त्यांची पातळी सुमारे ६ मिलिमीटरने उतरेल. तेवढंच पाणी हिमनद्या आणि हिमनग समुद्राला परत देतात तोवर हिशेब बरोबरीत. गेल्या काही दशकांत परतफेड जमेपेक्षा जास्त झाली आहे. दोन अवाढव्य संख्यांमधला तो फरक काढायचा, तर दोन्ही संख्या काटेकोर हव्यात. मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी किती चढेल याचं गणित मांडताना एक आकडा असा लागतो, जो वाऱ्यात पाठ करून उभ्या असलेल्या कुणीतरी काट्यावर तोललेला असतो.

उपग्रह आहेत ना, असं परतल्यावर मला पुष्कळांनी विचारलं. आहेत, आणि ते थक्क करणारं काम करतात. २०१८ पासून आइससॅट-२ लेसरने बर्फाच्या पृष्ठभागाची उंची काही सेंटिमीटरच्या अचूकतेने वाचतो. पण वरून बघणाऱ्याला पृष्ठभाग खाली गेलेला दिसला, तर तो हिम कमी पडल्यामुळे गेला की आधीचं हिम दबल्यामुळे, हे उंची सांगत नाही. ते काठी आणि खड्डा मिळून सांगतात. उपग्रहाच्या आकड्याला वजन देणारी माणसं अजून खालीच लागतात, आणि मला वाटतं पुढेही बराच काळ लागतील.

वादळांचा भाग तर विलक्षणच. मैत्रीच्या बाजूच्या किनाऱ्याच्या पट्ट्यात वर्षाचं हिम दर आठवड्याला थोडं थोडं असं येत नाही. उत्तरेच्या समुद्रावरून दमट हवेचा एखादा लांबलचक झोत थेट खंडावर घुसतो आणि दोन-चार दिवसांत वर्षाच्या जमेचा मोठा वाटा टाकून जातो. २००९ आणि २०११ मध्ये पूर्व अंटार्क्टिकाच्या याच बाजूवर असं अतोनात हिम पडलं, इतकं की पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या उपग्रहांना खंडाचं वाढलेलं वजन जाणवलं. आपला मोसमी पाऊसही मोजक्या दिवसांतच वर्षाचं देणं देऊन जातो. हे ऐकल्यावर मला त्या अनोळखी आकाशाबद्दल पहिल्यांदा ओळखीचं काही वाटलं.

मोहिमेचं शेवटचं काम उत्तरेला, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या पट्ट्यावर, ज्याला सगळे नुसतं शेल्फ म्हणतात. जहाजातून आलेलं इंधन मैत्रीवर आणण्यासाठी गाड्यांचा ताफा तिथे जातो. याच शेल्फवर भारताचं पहिलं केंद्र होतं, दक्षिण गंगोत्री. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोहीम गोव्याहून जहाजाने निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये इथे उतरली. दोन वर्षांनी, १९८३-८४ च्या मोहिमेत हे केंद्र उभं राहिलं. माणसांनी तिथे हिवाळे काढले. टपाल कार्यालयही होतं, गोव्याच्या टपाल विभागाला जोडलेलं. आणि दर वर्षी हिम साठत गेलं. इमारत अडथळा झाली की वारा तिच्या आडोशाला जास्तच हिम टाकतो. आधी भिंती गेल्या, मग खिडक्या, मग छप्पर. आत जायला वरून खाली उतरावं लागू लागलं. १९९० मध्ये केंद्र सोडून द्यावं लागलं. मैत्री खडकावर बांधली त्यामागे हा अनुभव आहे.

केंद्राची जागा म्हणून सरांनी हात केला तिथे काहीच नव्हतं. ती जागा बघून मला साठवण या गोष्टीचा जेवढा अर्थ कळला, तेवढा कोणत्याही आकड्याने कळला नव्हता. माझ्या पायाखाली खोल्या होत्या, स्वयंपाकघर होतं, माणसं जिथे दिवाळीला जमली असतील ती जागा होती.

शेल्फवरच्या काठ्या त्या दिवशी आम्ही वाचल्या. इथे दक्षिणेच्या चढापेक्षा कितीतरी जास्त हिम साठतं. काही काठ्यांचं टोक हातभरही वर नव्हतं, आणि एक तर फक्त चिंधीवरून सापडली. अशा काठीला उपटायचं नसतं. तिच्या शेजारी नवा, लांब बांबू खोल रोवायचा, दोन्हींच्या टोकांतलं अंतर मोजून लिहायचं, म्हणजे जुना हिशेब नव्या काठीवर तुटक न होता चालू राहतो. लडाखी वाटाड्याने हातगिरमिटाने भोक पाडलं, मी बांबू उभा धरला, मुलीने जीपीएस वाचला. सरांनी वहीत प्रत्येक काठीपुढे उघडी उंची लिहिली आणि त्याखाली पुढच्या मोहिमेसाठी सूचना: येताना लांब बांबू जास्त आणा, आधी शेल्फच्या काठ्या वाचा, चढावरच्या नंतर, शेल्फचं एक वर्ष चुकलं तर त्या पुढच्या वर्षी सापडणार नाहीत.